वाडा पाडायला निघालाय, देव्हाऱ्याचं काय करू?

ओसरीवरची:

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतला आमचा वाडा अखेर बिल्डरच्या ताब्यात चाललाय. दिवाळीनंतर पाडकाम. नवी इमारत होईपर्यंत कोथरूडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं. बिल्डर तीन वर्षं म्हणतो, म्हणजे आपण पाच धरायची. माळ्यावरचे डबे मोडीत गेले, सासऱ्यांची पुस्तकं वाटून झाली. घोडं अडलंय ते देवघरात.

देव्हारा सागवानी, कळसासकट साडेचार फूट. तिकडच्या लिफ्टमध्ये मावत नाही, टेप लावून बघून आले. आत जे आहे ते असं: गणपती दोन, त्यातला तांब्याचा उजव्या सोंडेचा. बाळकृष्ण. शंख, घंटा. महादेवाचा बाण पितळी शाळुंकेत. शाळिग्राम दोन, एकाचा टवका उडालेला. अन्नपूर्णा तीन (आजेसासूबाईंची, सासूबाईंची आणि माझी). चांदीचे सात टाक, त्यातले दोन ओळखू येतात, बाकीचे पुसून पुसून गुळगुळीत. शिवाय एका डबीत एक लाल दगड आणि एक सोनेरी चकाकणारा. हे दोघे कोण ते घरात कुणालाच सांगता येत नाही, पण रोज आंघोळ घालतो आम्ही त्यांना.

आता सल्ले ऐका. डोंबिवलीच्या जाऊबाई म्हणाल्या, पितृपक्षात देव हलवायचे नाहीत. (टेम्पोवाला नेमका पितृपक्षातच रिकामा आहे.) शेजारच्या काकू म्हणाल्या, उजव्या सोंडेचं सोवळं तुम्हाला फ्लॅटमध्ये झेपणार नाही, देवळात देऊन मोकळ्या व्हा. एका गुरुजींनी देव उठवण्याची शांत आणि पुन्हा बसवण्याची शांत मिळून एकवीस हजार सांगितले, दक्षिणा वेगळी. व्हॉट्सॲपवर वाचलं की तुटका शाळिग्राम घरात ठेवला की भांडणं होतात. तसं असेल तर तो टवका आमच्या लग्नाच्या आधीच उडालेला असणार.

आणि लेक म्हणतो, "आई, तेहेतीस कोटींतले वीस तुझ्याकडे. बाकीच्यांची सोय कोण करतंय?"

जाणकारांनी सांगा. टिंगल नको, ती घरात भरपूर चालू आहे.

चहाबाज:

आधी बिल्डरकडून तारीख लेखी घ्या. देव थांबतील.

जुनी पोथी:

ओसरीताई, एकवीस हजार वाचवा.

प्रतिष्ठा दोन प्रकारची, स्थिर आणि चल. देवळात चौथऱ्यात पक्की बसवलेली मूर्ती स्थिर. आपल्या देव्हाऱ्यातले टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा हे सगळे चल. ते हलायचेच असतात, रोज ताम्हनात उतरतात आणि पुसून परत जागेवर जातात. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात कृष्ण उद्धवाला पूजेचा विधी सांगतो, तिथे हा भेद आहे. स्थिर मूर्तीला आवाहन-विसर्जन नाही. चल मूर्तीला ऐच्छिक, करा किंवा करू नका. त्याच अध्यायात मूर्तीचे आठ प्रकार दिलेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रातली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. म्हणजे वाळूचा ढीगही चालतो आणि नुसतं मनही चालतं. एकनाथांनी याच स्कंधावर ओव्या लिहिल्या आणि १५७३ साली काशीत ग्रंथ पुरा केला. पेठेतल्या कितीतरी घरांत ती पोथी लाल फडक्यात बांधलेली असते. सोडून वाचायचं तेवढं राहतं.

निघताना काय करायचं? नेहमीची पूजा करा, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवा, "नव्या जागी चला" म्हणा, ताम्हनात तांदळावर ठेवून फडक्यात बांधा आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसा. तिकडे गेल्यावर दूध उतू घालवा. झालं.

आता तुमची डबी. लाल दगड म्हणजे शोणभद्र, शोण नदीतला, तो गणपती. सोनेरी तो सुवर्णमाक्षिक, ती देवी. बाण नर्मदेतला, तो शिव. शाळिग्राम गंडकीतला, तो विष्णू. ही पंचायतन पूजा आहे ताई! पाचवा सूर्य, त्याचा स्फटिक असतो. तो कुठाय?

ओसरीवरची:

स्फटिक नाही हो. मी आल्यापासून तरी नाही. सासूबाईंना विचारावं तर त्या आता कुणाला ओळखत नाहीत.

पण मला बसल्या जागी घाम फुटला. बत्तीस वर्षं मी ज्यांना "ते दोन दगड" म्हणत होते ते गणपती आणि देवी?

शंकासुर:

दगडच आहेत ते, घाम पुसा. 🙂 शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. हिमालय आहे तिथे एकेकाळी समुद्र होता, म्हणून नेपाळात गंडकीच्या पात्रात सापडतो. आतलं "चक्र" म्हणजे त्या प्राण्याच्या शंखाचे वेढे. ही माहिती शाळेच्या पुस्तकात हवी, देव्हाऱ्यात नव्हे.

जुनी पोथी:

शंकासुरराव, माझे वडील भूशास्त्राचे पदवीधर होते. ते हेच सगळं आम्हाला सांगत, मग स्नान करून त्याच शाळिग्रामावर तुळस वाहत. दोन्ही एकाच सकाळी. त्यांना त्यात कधी अडचण वाटली नाही, तुम्हाला का वाटावी?

आणि टवक्याबद्दल: माणसाने घडवलेली मूर्ती भंगली तर ती पुजू नये असं शास्त्र आहे. शाळिग्राम कुणी घडवत नाही, त्याला प्राणप्रतिष्ठाही लागत नाही, म्हणून फुटला-चिरला तरी दोष मानत नाहीत. बाणाचंही तसंच, त्यालाही प्रतिष्ठा लागत नाही. मात्र एक सांगून ठेवतो. घरात दोन शाळिग्राम, दोन शिवलिंगं, तीन गणपती, तीन देवी पुजू नयेत असा श्लोक आहे. त्या हिशेबाने तुमचे दोन शाळिग्राम आणि तीन अन्नपूर्णा...

चहाबाज:

झालं. आत्ता कुठे घाम पुसला होता.

माजघर:

पोथीकाका, अन्नपूर्णा त्या हिशेबात धरू नका हो. ती मुलगी गौरीहरापाशी बसते तेव्हा तिच्या हातात येते, माहेरून. प्रत्येक बाईची आपापली. तीन अन्नपूर्णा म्हणजे तीन देवी नव्हेत, त्या घरात आलेल्या तीन मुली आहेत. आमच्याकडे आजीची अन्नपूर्णा आजी गेल्यावर नातीच्या लग्नात दिली. कुणी म्हणेल जुनी कशी द्यायची, तिला नवीच हवी. आमच्या आईने चिंच लावून घासली आणि दिली.

नदीत सोडा असं कुणी सांगेल, ते मात्र ऐकू नका. मुठेत देव बुडेल एवढं पाणी कुठाय?

बोरूबहाद्दर:

लेकाच्या तेहेतीस कोटींबद्दल. दर श्रावणात एक फॉरवर्ड येतो, "कोटी म्हणजे करोड नव्हे, कोटी म्हणजे प्रकार". संस्कृतात कोटि शब्दाला प्रकार, दर्जा असा अर्थ आहे हे खरं. पण गंमत अशी की जुन्या वैदिक वाङ्मयात नुसते तेहेतीस देव आहेत, पुढे कोटी लावलेलंच नाही. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य हे एकतीस, वर इंद्र आणि प्रजापती. तेव्हा कोटीचा अर्थ "प्रकार" असं ठासून सांगणाराही वेदाचा दाखला देत असेल तर चुकतो. आणि आपल्या आज्या-पणज्या गायीच्या पोटात तेहेतीस कोटी म्हणायच्या तेव्हा त्या मोजून करोडच म्हणायच्या, त्यांना प्रकार वगैरे माहीत नव्हतं.

खरी मजा बृहदारण्यक उपनिषदात आहे. शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर येतं तीन हजार तीनशे सहा. "बरं, पण खरे किती?" तेहेतीस. "खरे किती?" सहा. मग तीन, मग दोन, मग दीड (हो, दीड!), मग एक. तोच प्रश्न, तोच माणूस, आणि प्रत्येक उत्तर त्या त्या पायरीवर बरोबर. लेकाला सांगा, त्याचा प्रश्न फार जुना आहे, फक्त शाकल्याचं पुढे काय झालं ते सांगू नका. (डोकं गळून पडलं.)

भरीतभाकरी:

मी सासवडकडचा, आता हडपसरला. टाकांबद्दल लिहितो.

गुळगुळीत टाक उन्हात तिरपा धरून बघा. घोड्यावर बसलेला, पुढ्यात किंवा मागे बाई, पायाशी कुत्रं असेल तर खंडोबा. घोडा आहे पण बाई नाही, कुत्रं नाही, तर जोतिबा, भैरोबा किंवा तुमच्याच घरातला कुणी वीर असू शकतो. हो, पूर्वजांचेही टाक असतात, त्यांना टाकून देऊ नका. आमच्याकडे झिजलेले टाक सोनाराकडे नेतात. त्याच चांदीत थोडी भर घालून नवे पाडून घ्यायचे आणि जेजुरीला देवाच्या भेटीला न्यायचे, भंडारा लावून आणायचे. एकवीस हजारात सातही होतील बहुतेक.

आता एक खाज आहे ती खाजवून घेतो. आमच्या सोसायटीत गणपतीत प्रसादाला एकाने कांद्याची भजी आणली तर केवढा गदारोळ! "देवाला कांदा चालत नाही, हे आपल्या धर्मात नाही." कुठल्या देवाला? चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य काय असतो? भरीत, रोडगा आणि पातीचा कांदा. चातुर्मासात कांदा-वांगं सोडायचं आणि षष्ठीला देवाला दाखवून मगच तोंडात घालायचं. देवाच्या आधी खाल्लं तर पाप, देवाला दाखवलं तर नाही. आणि कार्ल्याच्या एकवीरेला कोळी बांधव कोंबडं, बकरं देतात त्यांना कोण शिकवणार की हिंदू म्हणजे शाकाहारी? तुमच्या घरचं सोवळं ते तुमच्या घरचं. मला मान्य. पण त्याला "धर्म" म्हणू नका, "आमच्यात असं नसतं" म्हणा.

माजघर:

"आमच्यात असं नसतं" हे वाक्य पुण्यात घराघरावर पाटी करून लावायला हवं. +१

शंकासुर:

पहिल्यांदाच कुणीतरी नीट बोललं. उजव्या सोंडेचंही घ्या. अष्टविनायकातला सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा, मुंबईला प्रभादेवीचाही उजव्या सोंडेचा. तिथे मंगळवारी ऑफिस सुटल्यावर घामाघूम लोक रांगेत असतात, त्यांचं कोणतं सोवळं तपासतात? आणि सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती आहे, तीन सोंडा, बसलाय मोरावर. काकूंना विचारा, त्याचं सोवळं तिप्पट का?

चहाबाज:

या गावाने देवांना खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती म्हणून हाका मारल्या. एकही देव रागावून पेठ सोडून गेला नाही. तुमचा तांब्याचा गणपती कोथरूडला गेल्याने चिडेल हे मला पटत नाही. चिडला तर ट्रॅफिकवर चिडेल.

देशावरची:

पितृपक्षाचं कुणीच घेतलं नाही. आपलेच आजे-पणजे पंधरा दिवस घरी येतात अशी आपली श्रद्धा, आणि ते दिवस म्हणे अशुभ! लग्न-मुंज या दिवसांत करत नाहीत, ते श्राद्धाचा काळ म्हणून. पण घर बदलू नका, भांडं घेऊ नका, फोन घेऊ नका हे कुठून आलं? ओसरीताई, वाड्याचा निरोप घ्यायला खरं तर याहून चांगला पंधरवडा नाही. ज्यांनी बांधला ते सगळे हजर. शिवाय टेम्पोही स्वस्त.

सर्वेषाम्:

सर्वांचे प्रतिसाद वाचून आनंद झाला. यावरून एकच दिसते की आपला धर्म किती सहिष्णु आहे, कुणालाही कशाचीही सक्ती नाही, सगळ्यांना सामावून घेणारा. जगात असा दुसरा धर्म नाही. लोकमान्यांनी केलेली व्याख्या आठवा, 'प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता, उपास्यानामनियमः'. वेदांना प्रमाण मानणे, साधनं अनेक असणे आणि कोणाची उपासना करावी याचा नियम नसणे. सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा निकालात ही व्याख्या घेतली आहे.

शंकासुर:

घेतली आहे, १९६६ साली, सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. पण खटला कशाचा होता तेही सांगा की. गुजरातेतल्या सत्संगी पंथाच्या लोकांचं म्हणणं होतं की आम्ही हिंदूच नाही, त्यामुळे हरिजनांना देवळात घेण्याचा कायदा आम्हाला लागू होत नाही. दलितांना देवळात घ्यावं लागू नये म्हणून थेट धर्माबाहेर जायची तयारी! कोर्टाने हिंदू म्हणजे काय ते सांगितलं ते त्यांना परत आत ओढून दार उघडायला लावण्यासाठी. आणि लांब गुजरातेत कशाला जायचं, पर्वती बघा. १९२९ साली तिथे अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, सत्याग्रहींवर दगड पडले. सामावून घेणारा म्हणताना हे शंभर वर्षांच्या आतलं आहे एवढं लक्षात असू द्या.

सर्वेषाम्:

विषय देव्हाऱ्याचा आहे. जुन्या जखमा उकरून काढणे ही काही जणांची सवयच आहे.

निवडुंग:

मी इथे वाचते, लिहीत नाही फारसं. आज लिहिते.

माझी आजी सदाशिव पेठेत अशाच एका वाड्यात भांडी घासायला जायची. तीस वर्षं. मोरीपर्यंत. देवघराचा उंबरा तिने ओलांडला नाही, ओलांडायचा नसतो हे तिला कुणी सांगावंही लागलं नाही. ती देवाची पितळी उपकरणी मात्र घासायची, ती बाहेर आणून ठेवत आणि मग आत नेताना त्यावर पाणी शिंपडत. हे ती हसत सांगायची. मला अजून हसू येत नाही.

आमच्या घरी देव्हारा नव्हता. भिंतीत कोनाडा आणि त्यात कॅलेंडरवरचा विठोबा, बारा महिने फाडून झाल्यावर उरलेला. आम्ही नाना पेठेत, तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते, तिथून जवळ. त्या दिवशी आजी कोनाड्यातल्या चित्राला नवा हार घालायची आणि दिवसभर वारकऱ्यांना पाणी द्यायची. तिच्या हातचं पाणी सगळे पीत. त्या एका दिवशी.

पोथीकाकांनी वर आठ प्रकार लिहिलेत, त्यात चित्र आहे हे वाचून बरं वाटलं. आजीला सांगायला हवं होतं की तिचा देव यादीत होता.

ओसरीवरची:

निवडुंग, तुमची पोस्ट काल रात्री वाचली, उत्तर द्यायला आज सकाळ उजाडली.

आमच्याकडेही एक बाई यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. देवाची भांडी मागच्या अंगणात, आत नेताना पाणी. ते पाणी मीही शिंपडलंय. सासूबाई सांगत आणि मी शिंपडत असे, का ते विचारलं नाही. मी एवढंच लिहू शकते.

चावडी-व्यवस्थापन:

धाग्यावरचे दोन वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत. "सर्वेषाम्" आणि "शंकासुर" यांनी एकमेकांच्या खरडवहीत भांडावे.

बोरूबहाद्दर:

ताई, शेवटी काय ठरलं ते कळवा. असे धागे कायम "बघते आणि सांगते" वर येऊन थांबतात.

ओसरीवरची:

झालं सगळं. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी हललो. जाऊबाई बोलत नाहीयेत, तेवढीच शांतता.

देव्हारा एका ओळखीच्या सुताराने तळातून सोडवला, वरचा भाग तेवढा नेला, दीड फुटी झाला. खालची कपाटं वाड्याबरोबर गेली. देव मी मांडीवर घेऊन रिक्षाने गेले. रिक्षावाल्याने विचारलं काय आहे, म्हटलं देव आहेत, तर अलका चौकापासून पुढे त्याने एकही खड्डा लागू दिला नाही. उतरताना मीटरपेक्षा दहा रुपये कमी घेतले. पुण्यात! चमत्कार म्हणायचा तर हाच.

गुरुजींना नाही बोलावलं. दूध उतू घालवलं, नव्या गॅसवर सांडून बर्नर बुजला. उजव्या सोंडेचा आलाय आणि खुशाल आहे. टाक तिरपे धरून पाहिले. एकावर घोडा आणि कुत्रं स्पष्ट, दुसऱ्यावर घोडा आहे आणि वरचा माणूस पगडीत. बहुधा वीर. हे म्हणतात, पानिपतावर गेलेले एक होते असं आजोबा सांगत. खरंखोटं कोण जाणे, पण आता त्याला रोज वेगळं फूल वाहिलं जातंय. चंपाषष्ठीला भरीत करणार आहे. भरीतभाकरी, या जेवायला.

टवक्याचा शाळिग्राम इथे ठेवला, दुसरा दिराकडे गेला. आजेसासूबाईंची अन्नपूर्णा पुतणीच्या लग्नात देणार, फेब्रुवारीत. ती म्हणाली, "काकू, चिंचेनं घासू नकोस, काळी आहे तशीच दे."

आणि स्फटिक सापडला. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या पुडीत. मी सून म्हणून आले त्या वर्षी त्यांच्या कोटाचं एक बटण हरवलं म्हणून त्यांनी डबाभर बटणं उपसून मला शोधायला बसवलं होतं. तेव्हा तो हातात आला असणार आणि मी परत टाकला असणार, चार भोकं नव्हती म्हणून.

काल सूर्याला पहिली आंघोळ घातली. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "गार पाणी नको गं त्याला."